चेनवाली नऊवारी आणि पॉलिस्टरचे मावळे

पन्हा (धागाकर्ता)

येऊ घातलेल्या शिवपटांच्या झलका बघून कपड्यांवर बोलणाऱ्यांना परवा एका लेखाने ‘शिवणी मोजणारे रिकामटेकडे’ ठरवलं. मुद्दे तीन. प्रेक्षक गोष्ट बघायला जातो, कपडे नाही. अस्सल कापड परवडत नाही. आणि सतराव्या शतकात लोक नक्की काय घालायचे ते कुणालाच ठाऊक नाही, मग वाद कशाला? पहिला मुद्दा सोडून देतो, ज्याची त्याची आवड. उरलेले दोन धादांत खोटे आहेत आणि लोकांनी ते बिनातक्रार गिळलेत, म्हणून हा धागा.

आधी ‘कुणालाच ठाऊक नाही’. महाराजांची सतराव्या शतकातली दख्खनी शैलीची चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. इटालियन प्रवासी मनुचीच्या संग्रहातलं, चित्रकार मीर महंमदने काढलेलं महाराजांचं घोड्यावरचं चित्र पॅरिसला आहे आणि त्यात पायी चालणारी माणसंही आहेत. जामा म्हणजे बंदांचा घेरदार अंगरखा, कमरेचा पटका, तुरा लावलेली पगडी, सगळं समोर आहे. महाराजांच्या पदरी असलेला कृष्णाजी अनंत सभासद बखर लिहायला बसला तो १६९४ च्या सुमारास. अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगात तो कुडती, मंदिल, चोळणा अशी कपड्यांची नावं घेतो. पडद्यावर चोळणा, म्हणजे तेव्हाची तुमान, कधी पाहिलात? चुडीदारच दिसतो, तोही मागे इलॅस्टिक घातलेला.

जाम्याचे बंद घ्या. त्या काळच्या लघुचित्रांत हिंदू माणसाचा जामा डाव्या काखेखाली बांधलेला असतो, मुसलमानाचा उजव्या. सिनेमात बंद शोभेपुरते, खरा जोड पाठीमागे चेनने किंवा वेल्क्रोने. मग टेलरला जी बाजू सोयीची तिथे ते टाचले जातात. बाजू बदलायला किती पैसे पडतात?

आता ‘परवडत नाही’. जामा मुळात मलमलीचा. आपण तो मखमलीचा शिवतो, वर मशीनची जरदोजी चढवतो, आणि हे मलमलीपेक्षा महाग पडतं! शिवाय मखमल मे महिन्यात बारा तास अंगावर. ती रोज धुता येत नाही, म्हणून रात्री काखेत पाणी घातलेली व्होडका फवारून वास मारायचा. मलमल संध्याकाळी धुतली की सकाळी तयार. घेराचंही तेच. हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, २७ ते ३६ इंच, म्हणून घेर कळ्या जोडून व्हायचा. ५८ इंची कापडातून सरळ गोल कापला की जिथे धागा तिरका येतो तिथलं कापड टांगल्यावर ताणतं, दोन दिवसांत कड वरखाली होते, मग हेमिंग पुन्हा उसवा.

पैठणीचं तर विचारूच नका. राणीसाहेब माजघरात, सोवळ्यात, प्रवासात, कुठेही असोत, अंगावर मोरांची पैठणी. बरं, ती तरी हातमागाची असावी! हातमागावर पदराची नक्षी धागे एकमेकांत गुंतवत विणतात, म्हणून उलट-सुलट सारखीच दिसते. पॉवरलूमच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात. तटावर वारा आला, पदर उलटला, आणि चार-केच्या लख्ख चित्रात मोराच्या पाठीमागचं सगळं जाळं दिसलं. पदराला त्याच रंगाचं अस्तर लावलं असतं तर निदान झाकलं तरी गेलं असतं.

आणि शेवटी ती शिवलेली नऊवारी. निऱ्या टाचलेल्या, कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन, आणि मागे काष्टा म्हणून एक पट्टी. बाई पाठमोरी चालली की धोतर-पँट.

तटस्थ

लेख मलाही उर्मट वाटला, पण मुद्दा क्र. १ तुम्ही सोडून दिलात तिथेच हरलात. सिनेमा पडतो तो पटकथेमुळे. उजव्या काखेत बंद आहे म्हणून थिएटरातून कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही.

पन्हा

डिसेंबर २०२२ मध्ये अक्षय कुमारच्या शिवरायांच्या भूमिकेची झलक आली तेव्हा झुंबरातले विजेचे दिवे कुणी शोधले? ज्याला ‘प्रेक्षक’ म्हणता त्यानेच. एडिसनचा दिवा १८७९ चा. पटकथेवर तेव्हा कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण पटकथा कुणी पाहिलीच नव्हती. झलकीत दिसतात ते कपडे आणि सेट.

शेड्यूलवाला

धागाकर्त्यांचं कापडाचं ज्ञान दांडगं आहे, मानलं. आता सेटवरचं गणित घ्या.

बाजारपेठेचा सीन, दोनशे बायका. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. सराईत नेसवणारी एका बाईला दहा मिनिटं घेते. दोन हजार मिनिटं, म्हणजे तेहतीस तास. आठ नेसवणाऱ्या लावल्या तरी चार तासांच्या वर. सकाळी सातची शिफ्ट असेल तर पहाटे पावणेतीनला सुरुवात. त्या आठ जणींची रात्रपाळी, दोनशे जणींची ने-आण, चहा-नाश्ता, हे कोण देणार? ज्युनिअर आर्टिस्ट रोज त्याच येतील याची खात्री नाही, मापं सकाळी कळतात. म्हणून २८ ते ४० कंबर सामावणारं इलॅस्टिक.

वेल्क्रो-चेनची टिंगल सोपी आहे. हिरोच्या एका अंगरख्याच्या किमान चार प्रती लागतात: स्वच्छ, मळलेला, रक्ताचा, आणि स्टंट डबलचा. पाऊस असेल तर आणखी दोन. डबलला हार्नेस, म्हणजे दोराला लटकवायचे पट्टे, घालायचा तर जाम्याला कमरेवर आणि पाठीत छुपे काप द्यावे लागतात. तुमच्या पातळ मलमलीतून हार्नेसचा पट्टा आरपार दिसतो. मखमलीत लपतो. खळ घातलेलं सुती कापड छातीवरच्या माईकला घासून खरखरतं आणि मग डबिंगचा खर्च. रक्त लागलेला अंगरखा पुढच्या टेकला काढून दुसरा चढवायला बंद सोडत बसलं तर सूर्य जातो.

दैनंदिन मालिकेचं तर बोलूच नका. तिथे दिवसाला एक भाग हातावेगळा करायचा असतो.

पन्हा

तेहतीस तासांचं गणित बरोबर, त्याचं कारण मात्र सोयीस्करपणे गाळलंत. दहा मिनिटं का लागतात? कापड सिंथेटिक आहे म्हणून. जॉर्जेट निसटतं, प्रत्येक निरीला पिन, काष्ट्याला चार पिना. चाळीस काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारकाईचं माप) सुती लुगडं, एकदा धुऊन खळ काढलेलं, निऱ्या धरून ठेवतं आणि कंबरेची गाठ सैल होत नाही. तेच काम पाच-सहा मिनिटांत होतं. खळ काढली की माईकचीही खरखर जाते, म्हणजे तोही मुद्दा गेला.

आणि दोनशेच्या दोनशे कशाला? कॅमेऱ्यापासून पहिल्या तीस जणींना खरं नेसवा. मागच्या एकशे सत्तर शिवलेल्या, पण सुती, गडद रंगाच्या, बारीक काठाच्या. तिथे तुमची चेन खुशाल राहू द्या. तीस जणी, सहा मिनिटं, तीन तास, चार नेसवणाऱ्या. पाऊण तास. पहाटे पावणेतीन कुठे गेले?

शेड्यूलवाला

दिग्दर्शक ऐनवेळी ‘जरा त्या मागच्या बायका पुढे घ्या’ म्हणतो तेव्हा गेलेले पावणेतीन परत येतात. पण ठीक आहे, तीसचा हिशेब मान्य. लेखी देऊ का?

मंजिष्ठा

काष्टा झाला, आता रंग. दोन टोकांची चूक चालली आहे. एकीकडे गरीब म्हटलं की मातकट, उदी, चहात बुडवलेलं. नायक म्हटलं की झगझगीत भगवा. दुसरीकडे पोपटी हिरवी चोळी जी सरळ रासायनिक रंगाची दिसते.

जुने रंग मळकट होते हा गैरसमज कुठून आला कळत नाही. आल आणि मंजिष्ठा यांच्या मुळांचा लाल भरदार असतो. पद्धत सांगते. सुती कापड आधी सोडा घालून तासभर उकळून खळ-तेल काढायचं. हे टाळलं की डाग पडतात, आणि नव्वद टक्के घोटाळे इथेच होतात. मग किलोभर कापडाला दीड-दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड, रात्रभर. पिळून वाळवायचं, धुवायचं नाही. मग शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी. तुरटीनंतर दोन दिवस वाळू द्यायचं, घाई केली की रंग वरवर बसतो. मग वजनाच्या निम्मी ते बरोबरीची मंजिष्ठा, पाणी हळूहळू तापवत न्यायचं, पण सत्तर अंशांच्या वर नाही. वर गेलं की मुळांमधला तपकिरी सुटतो, आणि मग कॉस्च्यूमवाले म्हणतात, बघा, नैसर्गिक रंग मळकटच येतो.

हिरवा म्हणजे निळीवर हळद किंवा डाळिंबाची साल. दोन वेगळी कुंडं, आणि तरी बहुधा येतो तो गडद, निळसर झाकेचा. काळा म्हणजे हिरड्यावर लोखंडाचं पाणी, गूळ घालून पंधरा दिवस आंबवलेलं. हा काळा कापड कुजवतो, त्यामुळे जुन्या काळ्या कापडाचे तुकडे आधी फाटतात.

आणि धागाकर्ते इथे लिहायच्या आधीच सांगते, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी लिहितंच: ‘राणी कलर १८५६ आधी नव्हता’. पर्किनचा जांभळा, पहिला गाजलेला रासायनिक रंग, १८५६ चा, बरोबर. पण झगझगीत गुलाबी करडईच्या फुलांतून निघतो. पाकळ्या थंड पाण्यात धुऊन पिवळा काढून टाकायचा, मग पापडखाराच्या पाण्यात लाल उतरवायचा, मग लिंबू पिळून तो कापडावर बसवायचा. डोळे दिपतील असा कुसुंबी येतो. दोष एकच, उन्हात आणि धुण्यात उडतो. माधवराव पेशव्यांच्या पैठणी दुपट्ट्यांच्या मागणीत लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी अशी नावं आहेत. तेव्हा गुलाबी दिसला की शेपूट उचलून धावू नका.

पन्हा

लिहिणार होतो, हे खरं. करडईचा गुलाबी मान्य. पण पडद्यावर दिसतो तो करडईचा नसतो, तो थेट सुरतेच्या डाइंग हाउसचा असतो. उन्हात उडायला हवा तो पहिल्या भागापासून चारशेव्या भागापर्यंत जसाच्या तसा. तेवढं तरी माझ्या पदरात टाका.

खोगीरभरती

कपड्यांवर एवढं चाललंय, तलवारीवर कुणी बोलेल का? म्यान लाकडाचं, वरून चामडं किंवा मखमल. त्यातून पातं काढलं तर ‘शिंग्ग्’ आवाज येत नाही. येतो तो बारीक घासल्याचा. हा आवाज चित्रीकरणानंतर चिकटवतात, बंद करायला छदामही लागत नाही.

चिलखताचंही तसंच. रिव्हेट केलेल्या लोखंडी कड्यांचं खरं चिलखत दहा-बारा किलोचं. ते कुणी घालावं असं म्हणणं नाही. ॲल्युमिनियमच्या कड्यांचं तीन-चार किलोत होतं आणि खाली ओघळतंही बरं. पण चंदेरी रंग मारलेली विणलेली लोकर? कोपर वाकवलं की रंग फाटतो आणि खालची करडी लोकर दिसते.

घोडे: रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, पाच फुटांच्या वर खांदा. मराठ्यांची भिस्त होती ती भीमथडीच्या तट्टांवर, चार-सव्वाचार फूट, चिवट, डोंगर चढणारी. आणि पाठीवर खोगिराऐवजी इंग्लिश सॅडल, वर झूल टाकून लपवलेलं. झूल टापांबरोबर उडते तेव्हा स्टीलची रिकीब आणि बकल लावलेला पट्टा लख्ख.

शेवटचं, आणि हे विनोदाने घेऊ नका. मशालींचा सीन असेल तर पॉलिस्टर अंगावर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. सुती कापड जळून काळं पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. दोन लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम टाकणखार आणि ८५ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून सुती कपडे त्यात भिजवून वाळवले की ज्योत धरत नाहीत. धुतलं की परत करायचं. पॉलिस्टरला याचा काही उपयोग नाही.

शेड्यूलवाला

मशालीचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर वाद नाही.

घोड्याचं मात्र ऐका. सहा फुटी हिरो सव्वाचार फुटी तट्टावर बसला की पाय जमिनीपासून वितीवर लोंबतात. पोस्टर कोण छापेल?

खोगीरभरती

मग सहा फुटी हिरो घेऊ नका! महाराजांना पाहिलेल्या युरोपियनांनी त्यांची उंची मध्यम म्हणून लिहून ठेवली आहे.

करवंद

शिवणी, काष्टे, रिकिबी. मंडळी, हिरोच्या मागे काय आहे ते कुणी बघतं का? मावळा घोड्यावरून उतरतो, गुडघ्यावर बसतो, माती कपाळाला लावतो, आणि त्या मातीत उभं असतं गाजरगवत. हे तण पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं. तुमचा विजेचा दिवा निदान १८७९ चा तरी होता!

बाकीची यादी: घाणेरी, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेसाठी आणलेली. गुलमोहर, मादागास्करचा, तोही त्याच शतकातला. नीलगिरी, ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ, मध्य अमेरिकेची, रानोमाळ झाली ती १९७०-८० मध्ये. गिरिपुष्प तर विचारू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून गुलाबी फुलतो, कॅमेरामन खूश, आणि शिवकालीन प्रेमगीत सरळ त्याच्याखाली. गडाच्या वाटेवर ऑस्ट्रेलियन बाभळीची सरळसोट वनखाती रांग.

आणि पुरावा नाही म्हणायची सोय नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर कुठली झाडं राखावीत, लावावीत ते चक्क लिहिलंय: फणस, आंबे, चिंचा, वड, पिंपळ, लहान झाडांत निंबे, नारिंगे. कलादिग्दर्शकाने ते एक पान वाचलं तरी पुरे.

तटस्थ

झालं. आता झाडांचीही जातपडताळणी. करवंदभाऊ, मग मिरचीही काढा. तीही परकी.

करवंद

मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. पेरू, काजू, अननस, तंबाखूही तेव्हाच्याच. त्यांच्यावर माझी हरकत नाही, आहे का कुठे लिहिलेली? वाचून बोला. प्रश्न ‘परकी’ हा नाही, प्रश्न ‘कधी आली’ हा आहे. हा फरक कळत नसेल तर चर्चा न केलेली बरी.

तटस्थ

अरेरावी नको. साधं विचारलं.

शेड्यूलवाला

करवंदसाहेब, उपटायचं कुणी? वनखात्याच्या हद्दीत काडी मोडायलाही परवानगी लागते. पुरातत्त्वाच्या गडावर खिळा ठोकता येत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशात गेल्यावर लोकांचं लक्ष दुप्पट आहे. ‘व्हीएफएक्समध्ये काढा’, म्हणजे संगणकावर पुसा, हे पुढचं वाक्य असणार, म्हणून आधीच सांगतो. कॅमेरा स्थिर असेल तर झाड पुसणं सोपं. हातातला कॅमेरा, धूळ, समोरून घोडे, उडणारी आयाळ, अशा पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये आयाळीचा केस अन् केस हाताने कापायचा. एका गुलमोहरासाठी?

करवंद

व्हीएफएक्स कुणी मागितलं? रेकीला, म्हणजे जागा बघायला जाताना, माळ्याला बरोबर न्या, एवढंच. गाजरगवत फुलायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर ओल्या जमिनीतून मुळासकट सहज येतं. हातमोजे घाला, नाहीतर अंगाला खाज सुटते. खासगी माळरानावर याला कुणाची परवानगी लागत नाही, उलट मालक दुवा देतो. उपटता येत नाही ते झाका. आंब्या-फणसाच्या फांद्या, पाण्याच्या डब्यात खोचून, पुढे धरायच्या. पान जाड असतं, दीड-दोन दिवस तग धरतं. करंजाच्या किंवा पळसाच्या धरल्या तर दुपारी माना टाकतात. सावलीत ठेवून शॉटच्या आधीच बाहेर आणायच्या.

आणि फुलं. राज्याभिषेकाच्या कमानीवर टनभर नारिंगी झेंडू! झेंडू मेक्सिकोचा, आणि हा चेंडूएवढा हायब्रिड तर कालपरवाचा.

पन्हा

धागा कपड्यांचा आहे याची एक नम्र आठवण.

खोगीरभरती

राहू द्या हो, रंगात आलंय. झेंडू नको तर काय लावायचं? शेवंती?

करवंद

जूनमध्ये शेवंती? तिचा हंगाम थंडीचा. जूनमध्ये मोगरा संपत आलेला, जुई सुरू, सोनचाफा आहे. तोरणाला आंब्याचे टाळे, केळीचे खुंट. बघा, एका कमानीपायी सगळा हंगाम बाहेर येतो. आणि मुळात ६ जून ही इंग्रजांच्या तेव्हाच्या ज्युलियन कालगणनेतली तारीख आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर हजर होता, त्याच्या नोंदीतली. आजच्या कॅलेंडरने ती १६ जून १६७४ होते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. १६ जूनला रायगडावर कसं आभाळ असतं? धुकं, पाऊस, निसरडे दगड. आणि पडद्यावर बघा, डिसेंबरातलं कोरडं ऊन आणि पिवळं गवत.

तटस्थ

म्हणजे आता तारीखही चुकीची! लोक ६ जूनला गडावर जातात ते काय वेडे?

करवंद

तारीख चुकीची असं कुठे म्हटलं? तारीख तीच, कॅलेंडर दुसरं. लोक तारखेनेही जातात, तिथीनेही जातात, दोन्ही सोहळे होतात. शब्द माझ्या तोंडात घालू नका, हे दुसऱ्यांदा सांगतोय.

तटस्थ

तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी वनस्पतिशास्त्राची पदवी घ्यायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’च्या झलकीतल्या लेझीमवरून वादळ उठलं, दृश्य काढावं लागलं. तेव्हा तुमच्यातलं कुणी गिरिपुष्पावर बोललं नव्हतं.

पन्हा

हाच तर माझा मुद्दा आहे आणि तो तुम्ही माझ्यावरच फेकताय. भावना दुखावल्या की एका दिवसात कात्री चालते. निर्माता हलू शकतो, हे सिद्ध झालं. मग बंद डाव्या काखेत घ्यायला, म्यानाचा आवाज काढायला, पदराला अस्तर लावायला कोणता डोंगर आडवा येतो? कपडे सगळ्यात शेवटी ठरतात, हिरोचा ‘लूक’ आणि पोस्टर झाल्यावर, म्हणून. संशोधकाचं नाव श्रेयनामावलीत असतं, पण त्याला बोलावतात ते कापड कापून झाल्यावर.

शेड्यूलवाला

हे शेवटचं वाक्य मात्र दुर्दैवाने खरं आहे. कॉस्च्यूमला मिळतात सहा ते आठ आठवडे, त्यातले तीन ‘लूक टेस्ट’मध्ये जातात. मंजिष्ठाबाईंची तुरटी दोन दिवस वाळेपर्यंत आमचं पहिलं शेड्यूल संपतं.

राज्याभिषेक जूनमध्ये चित्रित करा म्हणणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. जनरेटर, दिवे, क्रेन, चारशे माणसं, आणि पावसात निसरडा दगड. विमावाला दारात उभं करणार नाही.

करवंद

जूनमध्ये गडावर जा असं कुणी सांगितलं? सेटवरच करा. आभाळ झाकोळलेलं ठेवा, दगड ओला करा, रेन मशीन दोन तास लावा. गवत ताजं हिरवं हवं. झेंडू नको.

शेड्यूलवाला

रेन मशीन लावतो. त्याखाली कुसुंबी गुलाबी शालू पिवळ्या पितांबरावर उतरला की पुढचं तुम्ही बघा.

मंजिष्ठा

उतरेल, म्हणून पावसाच्या सीनला करडई नाहीच घ्यायची. रेशमावर लाखेचा लाल घ्या, सुतीवर मंजिष्ठा. तुरटी नीट बसली असेल तर नुसत्या पाण्याने जात नाही. पण आधी चिंधी ओली करून पांढऱ्या कापडावर तासभर दाबून ठेवा, डाग पडला तर तो ताका परत रंगवायला पाठवा, सेटवर आणू नका. आणि रात्री धुवायला डिटर्जंट नको, रिठा.

शेड्यूलवाला

रिठ्याने जरतार काळी पडली म्हणजे?

मंजिष्ठा

चांदीची जरतार रिठ्याने उजळते, सराफाला विचारा. काळी पडते ती तांब्याची, तीसुद्धा ओली घडी करून पेटीत कोंबली तर. तुमच्याकडची प्लॅस्टिकची आहे, तिला काहीच होणार नाही.